पोचे आलेल्या पुंगळ्या

शनिवार, ११ जानेवारी

घरी काडतुसं बनवणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच. आजोबा घरी तपकीर करायचे, आई मेतकूट करायची, तेव्हा परंपरा अगदीच सोडली असंही म्हणता येणार नाही. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, हॉलंडातल्या नीउ-व्हेनेपसारख्या गावात, जिथे शनिवारी संध्याकाळनंतर फक्त बदकं जागी असतात, माणसाने काहीतरी करायला हवं. माझ्या वयाचे लोक मॅरेथॉन धावतात. मला गुडघा आहे. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी रायफल क्लबात नाव घातलं. पोलिसांनी माझी कुंडली तपासून परवाना दिला, भिंतीत तिजोरी बसवून घेतली, आणि आता मी दर शनिवारी कागदाच्या एका गोल ठिपक्याला घाबरवून येतो.

गोळी झाडली की मागे पितळेची पुंगळी उरते. तीच साफ करून, प्रेसमध्ये दाबून पुन्हा मापात आणायची, परत भरायची आणि परत उडवायची. हे कळलं तेव्हा मला गहिवरून आलं. इतकी वर्षं या देशात राहून कोणीतरी पहिल्यांदाच मला म्हणालं, की टाकू नका, पुन्हा वापरा.

शिकवणारा विल्को. क्लबात सुरक्षेचं तोच बघतो. पूर्वी शाळेत गणित शिकवायचा, त्यामुळे अजूनही आपण बेरीज चुकलोय अशाच नजरेने बघतो. त्याने नियम सांगितला. पुंगळीच्या तोंडाशी बारीक पोचा असेल तर तो प्रेसमध्ये आपोआप निघतो, हरकत नाही. पण पितळ दुमडलं असेल, घडी पडली असेल, तर पुंगळी बाद. पुन्हा कोणी वापरू नये म्हणून त्याने तशी एक पुंगळी माझ्यासमोर पकडीने चेपली आणि भंगाराच्या बादलीत टाकली. मला अगदी आतून दुखलं.

मागच्या अंगणातल्या लाकडी खोलीत प्रेस बसवला. माझी बायको मृदुला दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "बोटं आणि डोळे सांभाळ. बाकी तुझं काय करायचं ते कर." एवढं प्रोत्साहन मला लग्नातसुद्धा मिळालं नव्हतं.

रविवार, २६ जानेवारी

क्लबात लोक काय काय टाकतात. काही जणांच्या रायफलीतून पुंगळ्या इतक्या जोरात उडतात की बाजूच्या भिंतीवर आपटून त्यांना पोचे येतात. त्या तशाच बादलीत जातात. माझ्याच मापाच्या. मी एकाला विचारलं, "घेऊ का?" तो माणूस म्हणाला, "घे." म्हणून घेतल्या. मग दुसऱ्याच्या घेतल्या. आता मला बघितलं की लोक न विचारताच पुंगळ्या माझ्या पायाशी सरकवतात.

बाबा रस्त्यावरचे वाकडे खिळे उचलून आणायचे आणि रविवारी सकाळी उंबऱ्यावर ठेवून हातोडीने सरळ करायचे. आमच्या घरात सरळ विकत घेतलेला खिळा मी पाहिलेला नाही. त्या खिळ्यांवर टांगलेली एकही तसबीर कधी सरळ राहिली नाही, हा भाग वेगळा.

पुंगळ्या क्वार्कच्या, म्हणजे इथल्या चक्क्याच्या, रिकाम्या डब्यांत ठेवल्यात. इथे क्वार्कचं श्रीखंड फार सुरेख होतं, त्यामुळे डब्यांना तोटा नाही. एका डब्यावर मराठीत लिहिलं 'उत्तम', दुसऱ्यावर 'बरे', तिसऱ्यावर 'बघू'. मृदुलाने 'बघू'चा डबा उघडला, एक पुंगळी उचलून खिडकीशी नेली, नखाने चाचपली आणि म्हणाली, "हिला घडी पडल्ये. ही टाकायची."

मृदुला आल्समेरला फुलांच्या एका व्यापाऱ्याकडे गुलाब तपासते. वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. करून माझ्यामागे इथे आली, पहिली चार वर्षं घरात बसली, आणि आता तिने नको म्हटलं तर केनियाहून आलेला आख्खा खोका मागे जातो. दिवसभर बाद करायची सवय लागलेली बाई.

मी म्हटलं, "अगं, पोचे तर मलाही आलेत. मलाही टाकणार का?"

ती हसली नाही. पुंगळी परत डब्यात ठेवून आत गेली.

रविवार, ९ फेब्रुवारी

एक गूढ आहे. 'बघू'चा डबा भरत नाही. दर शनिवारी मी मूठभर आणतो, मंगळवारी बघावं तर डबा पुन्हा अर्ध्यावर. 'उत्तम'ला काही होत नाही, 'बरे'ही जागेवर. फक्त 'बघू' झिजतो.

मला वाटतं माझी स्मरणशक्ती चालली. मी त्या भरतो आणि विसरतो. काल ऑफिसात पासवर्डही दोनदा चुकला. मृदुलाला सांगितलं तर म्हणाली, "ब्राह्मी घे." चेहरा अगदी गंभीर. मी पुण्याहून ब्राह्मी मागवल्ये.

ती सध्या फार दमून येते. व्हॅलेंटाइनमुळे गुलाबांचा लोंढा आहे. तरी आल्यावर कोट न काढताच आधी मागच्या खोलीत जाते. झाडांच्या कुंड्या तिथे आहेत म्हणून. थंडीत त्यांना पाणी लागत नाही असं मला वाटायचं, पण वनस्पतीशास्त्र माझं नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन शनिवारी. मृदुला जाणार होती. मला सुट्टी मिळत नव्हती, ती एकटीच जाणार होती. पैठणी इस्त्री करून बॅगेत ठेवली होती. आज म्हणाली, "नाही जात. कामावर रजा देत नाहीयेत."

मी म्हटलं, "युरोपातल्या गुलाबांना तुझ्याशिवाय करमत नाही."

ती म्हणाली, "हो, गुलाबांनाच."

फोनवर आईशी बोलताना तिचा आवाज बसला होता. सासूबाई म्हणत होत्या, "अगं, चंद्र काय, रोजच असतो." मी सर्दीसाठी आल्याचा चहा करून दिला.

शनिवार, १ मार्च

आल्बर्ट हाइन सुपरमार्केटमध्ये अश्लेषा भेटली. मृदुलाच्याच ठिकाणी काम करते, हूफडॉर्पला राहते. कोथिंबिरीची जुडी हातात धरून म्हणाली, "मृदुलाताईंनी ऐन वेळी रजा का हो रद्द केली? मंजूर झाली होती की. आम्ही त्यांच्यासाठी कार्डसुद्धा आणलं होतं."

म्हणजे रजा मिळाली होती. म्हणजे ती स्वतःहून गेली नाही. घरी येईपर्यंत सायकलवर मी यावर विचार केला आणि निष्कर्षाला आलो, की चोवीस वर्षांच्या संसारानंतरही या बाईला माझ्यावाचून आठ दिवस राहवत नाही. आरशात बघून घेतलं. तसं काही दिसलं नाही, पण प्रेम आंधळं असतं म्हणतात.

तिला विचारलं नाही. उगाच लाजायची.

रविवार, ३० मार्च

गुढीपाडवा. वाऱ्याने गुढी दोनदा आडवी झाली. शेजारच्या डच आजोबांनी येऊन न विचारता ती खांबाला केबलच्या पट्ट्यांनी आवळून दिली. नवीन वर्षाची सुरुवात चांगली झाली.

गुढीवर पालथा घालायचा तांब्याचा गडू मी सकाळी चिंच-मिठाने घासला. काय झळकला. चिंचेचा कोळ उरला होता, आणि मला आमच्या घराण्याला साजेसा विचार सुचला. विल्को पुंगळ्या साफ करायला मशीन वापरतो, त्यात कसली कसली पूड घालतो. अरे, पितळ घासण्यात आपल्याला तीन हजार वर्षांचा अनुभव आहे. 'बघू'चा आख्खा डबा चिंचेच्या कोळात बुडवून ठेवला.

मंगळवार, १ एप्रिल

चिंचेत टाकलेल्या पुंगळ्या विसरलो होतो. आज काढल्या. चमकताहेत, पण रंग पिवळा नाही, गुलाबीसर आलाय. दिसायला खरं तर सुंदर. लग्नात देतात त्या अंगठीसारखा.

मृदुला म्हणाली, "पितळ इतका वेळ आंबटात ठेवलं तर लाल पडतं. त्यातलं जस्त निघून जातं. देवघरातली घंटा तू अशीच बाद केली होतीस." मग थोडं थांबून म्हणाली, "हेम, या वापरू नकोस. मी गंमत करत नाहीये."

मी म्हटलं, "गुलाबी आहेत म्हणून तुझ्या हद्दीत येतात का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता भांडेल. भांडली नाही. हातातला टॉवेल घडी करून खुर्चीवर ठेवला, आणि वर झोपायला गेली. बायका रागावल्या की घड्या फार नीट घालतात.

मंगळवार, १३ मे

सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. मांडीचं हाड मोडलं. मृदुलाचा भाऊ मनोहर कॅनडात, तो पोहोचेपर्यंत कोणीतरी हवं. या वेळी रजेचं काही निघालं नाही. तासाभरात तिकीट काढलं.

बॅग भरता भरता ती दोनदा मागच्या खोलीत जाऊन आली. निघताना दारात म्हणाली, "मी येईपर्यंत प्रेसला हात लावणार नाहीस."

मी टाचा जुळवून सलाम ठोकला. "जशी आज्ञा, महाराणी."

"नुसतं हो म्हण ना."

"हो, महाराणी."

ती टॅक्सीत बसली.

शनिवार, १७ मे

घर फार शांत आहे. वरणभात, पिठलंभात, पुन्हा वरणभात. एक चांगली बातमी म्हणजे ब्राह्मी लागू पडली. 'बघू'चा डबा कमी होत नाहीये. आज नवीन भर घातली तर काठोकाठ भरला.

प्रेसला हात लावायचा नाही असं ठरलं होतं, आणि मी डाव्या हाताने पुंगळ्या धरून उजव्याने दांडा ओढला, म्हणजे लावला तो एकच हात. पोचे इतके सुरेख निघाले की कुठे होते ते सांगता येऊ नये. थोड्या गुलाबी, थोड्या पिवळ्या. ताटात मांडल्या तर रुखवतासारख्या दिसत होत्या.

शनिवार, २४ मे

आज माझी रायफल माझ्यावर थुंकली.

चौथी का पाचवी गोळी. आवाज नेहमीसारखा आला नाही. तोंडावर गरम काहीतरी आदळलं आणि चष्म्याची डावी काच दुधासारखी झाली. पुंगळी उभी फाटली होती, जिथे घडी होती तिथूनच. गुलाबीपैकी एक. गॅस मागे आला. सुरक्षेचा चष्मा होता म्हणून डोळा आहे. गालावर काळी नक्षी उठल्ये. लहानपणी दृष्ट लागू नये म्हणून आई तीट लावायची, त्याचंच थोडं मोठ्या प्रमाणावर.

विल्कोने सगळ्यांना थांबवलं, मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. माझी उरलेली काडतुसं काढून घेतली. फाटलेली पुंगळी दिव्याखाली धरून विचारलं, "हिचा रंग असा का?" मी चिंचेबद्दल सांगितलं. डचमध्ये चिंचेला काय म्हणतात ते आठवेना, म्हणून म्हटलं, एक आंबट फळ, आम्ही त्याने देव धुतो. विल्कोने पुंगळी टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "हेम, तुझे देव कुठे उडवायचे असतात?"

मी हसलो. तो हसला नाही. त्याने मला घरी सोडलं, सायकल गाडीवर लादून. मी म्हणत होतो की चालवतो, पण किल्ली कुलपात जाईना.

जेवलो नाही. भूक नव्हती. जिन्यातला दिवा चालूच ठेवणार आहे, वीज थोडी जाईल.

रविवार, २५ मे

मृदुलाचा व्हिडिओ कॉल. सासूबाई उठून बसताहेत. मी कॅमेरा उजवीकडे धरला होता, तरी तिने विचारलं, "गालाला काय झालं?"

"दाढी करताना कापलं."

"डाव्या गालाची दाढी हल्ली वस्ताऱ्याने करतोस का?"

मी म्हटलं, "नेटवर्क जातंय," आणि फोन ठेवला. नेटवर्क छान होतं.

मग मी 'बघू'चा डबा टेबलावर ओतला. उगाचच. चष्मा घालून एक एक बघितली. निम्म्याहून जास्त घडी पडलेल्या निघाल्या. इतक्या कशा? आधी तर नव्हत्या.

बुधवार, २८ मे

रायफल दुरुस्तीवाल्याने तपासली, ती ठीक आहे. क्लबाने मला यंदाच्या वर्षासाठी स्वतः काडतुसं भरायला बंदी केल्ये. बरोबरच आहे. मी समितीसमोर छोटं भाषण केलं, त्यात चिंच, आजोबांची तपकीर, बाबांचे खिळे सगळं आलं. दोघे तिघे हसले. विल्को खिडकीबाहेर बघत होता.

शनिवार, ७ जून

मृदुला आली. मनोहर पोहोचलाय, पण त्याला महिन्याभरात परत जायचंय.

विमानतळावर तिने माझी हनुवटी धरून गाल उजेडाकडे वळवला, गुलाब बघते तसा. घरी आल्यावर बॅग दारातच ठेवून मागच्या खोलीत गेली. मी मागोमाग. 'बघू'चा डबा काठोकाठ भरलेला होता. तिने तो उचलला, आणि तिथेच खाली फरशीवर बसली. मला वाटलं, प्रवासाने दमली.

रविवार, ८ जून

आज सगळं कळलं. लिहून ठेवतो, कारण ब्राह्मीचा काही भरवसा नाही. ब्राह्मीने काही केलंच नव्हतं म्हणा.

दर सोमवारी कामावरून आली की ती 'बघू'चा डबा ताटात ओतायची, तांदूळ निवडावेत तशी निवडायची. घडी पडलेल्या बाजूला काढून पकडीने चेपून कामावर न्यायची, तिथल्या भंगारात टाकायची. जानेवारीपासून. मला वाटायचं कुंड्यांना पाणी घालते. जायच्या दिवशीही दोनदा गेली ती निवडायलाच. गुलाबी सगळ्या काढल्या असं तिला वाटलं होतं. थोड्या मी 'बरे'च्या डब्यात टाकल्या होत्या, कारण त्या बऱ्या दिसत होत्या.

मी विचारलं, "मग फेब्रुवारीत गेली का नाहीस?"

"शनिवारी तू क्लबातून मूठभर घेऊन येणार होतास. तू आठ दिवस एकटा असणार होतास." ती अगदी हळू बोलत होती. "आईच्या समोर एक्क्याऐंशी दिवे लावायचे आणि मनात म्हणायचं, की तिकडे याचा डोळा गेला नसला म्हणजे मिळवली. मला जमलं नसतं ते."

"अगं, मला सांगायचंस ना."

"सांगितलं." ती म्हणाली. "दर वेळी सांगितलं. दर वेळी तू विनोद केलास. दुसऱ्यावर केला असतास तर मी भांडले असते. तू स्वतःवरच करतोस. स्वतःलाच मारून घेणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हेम? मी दिवसभर गुलाब निवडते आणि घरी येऊन तुझं पितळ निवडते. मी थकले."

मला एक वाक्य सुचलं होतं. चांगलं होतं. मी ते गिळलं, पण तिने ते माझ्या तोंडावर वाचलं असावं, कारण ती उठून आत गेली.

सोमवार, ९ जून

प्रेस सोडवला, विल्कोला देऊन टाकला. डबे सगळे भंगारात नेले, 'उत्तम'सुद्धा. काट्यावरचा माणूस म्हणाला, छान चमकतंय. मी पावती घेतली आणि निघालो. घरी येऊन मृदुलाला सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंस." पण तिच्या खांद्यांकडे बघून वाटेना की काही हलकं झालंय.

शुक्रवार, २० जून

ती उद्या परत जात्ये. आईजवळ तीन महिने, बिनपगारी रजेवर. मी विचारलं, "मग सप्टेंबरात येशील?" म्हणाली, "पुढचं पुढे बघू."

'बघू' हा शब्द ऐकून पूर्वी मला काही वाटायचं नाही. आज वाटलं. मी तो शब्द कसा वापरत होतो ते मला ठाऊक आहे.

शनिवार, २१ जून

स्खिपोल विमानतळावर गर्दी होती, शाळांच्या सुट्ट्या अजून लागल्या नाहीत तरी. बॅगेचं वजन जास्त भरलं. दोन चीजचे गोळे काढून माझ्या हातात दिले, सासूबाईंसाठी घेतलेले. मी दोन्ही काखांत एकेक धरून उभा होतो. अशा अवस्थेत माणसाला किती वाक्यं सुचतात ते सांगायला नको.

सिक्युरिटीच्या दारापाशी ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. ती विनोदाची वाट बघत होती, मला कळत होतं. दर वेळी असतो तो. तो झाला की ती मान हलवून आत जाते.

मी म्हटलं, "मृदुला, मला भीती वाटली होती."

तिने खांद्यावरची पर्स हातात घेतली.

"त्या दिवशी. काच पांढरी झाली तेव्हा मला वाटलं डोळा गेला. मला हात सापडेना चष्मा काढायला. घरी कोणी नव्हतं. दोन आठवडे मी जिन्यातला दिवा लावून झोपलो. आणि आता तू चाललीस त्याची त्याहून जास्त वाटत्ये."

मागचे लोक आम्हाला वळसा घालून जायला लागले. तिने हातातली पर्स खाली ठेवली. माझ्या काखेतला एक चीजचा गोळा काढून घेतला, मग दुसरा, दोन्ही फरशीवर ठेवले, आणि माझे दोन्ही हात हातात धरले. तिचे डोळे भरले होते.

"जानेवारीपासून," ती म्हणाली, "एवढंच ऐकायचं होतं मला. की तुलाही भीती वाटते. मी एकटीच घाबरत होते रे."

मग ती गेली. वळून बघितलं, दोनदा. मी गोळे उचलले आणि गाडीपर्यंत चालत आलो, आणि गाडीत बसून बराच वेळ रडलो.

रविवार, २२ जून

सकाळी तिचा मेसेज आला. पोहोचली. आईने दार स्वतः उघडलं, काठी घेऊन. खाली विचारलं होतं, रात्री झोप लागली का.

मी लिहिलं, नाही लागली.